सासूबाईंना घेऊन आंबोलीला कधी जावं: ऑगस्ट, दिवाळी, नाताळ की मे?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. तुम्ही गोव्यातल्या फोंड्याहून निघणार, सोबत सत्तरीच्या सासूबाई, त्यांना दमा, सहा वर्षांचा मुलगा, आणि मिस्टरांना सुट्टी मिळणार ती 15 ऑगस्टला लागून, नाहीतर दिवाळीत, नाहीतर नाताळात, नाहीतर मग थेट मे महिन्यात. आणि तुम्ही कुठंतरी वाचलंय की आंबोलीचं तापमान वर्षभर 20 ते 25 अंशांत असतं, म्हणजे कधीही गेलं तरी चालेल ना?

मी डिचोलीचा. पावसात बेडूक, साप, बुरशी बघायला येणाऱ्यांना रात्री आंबोलीत फिरवतो आणि बाकी वर्ष फॅमिलीवाल्यांच्या ट्रिपा करतो, त्यामुळे बारा महिने वर-खाली चालू असतं. म्हणून आधीच सांगतो, त्या 20-25 वर जाऊ नका. आकडा खोटा नाहीये, पण तो सरासरीचा आहे आणि तुमच्या कामाचा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसा-रात्री मिळून तीन-चार अंशांचाच फरक पडतो, साधारण 20 ते 23-24. जानेवारीत तेच पहाटे 12-13 आणि दुपारी 27-28, दोन्हीची बेरीज करून निम्मं केलं की येतं 20. कागदावर दोन्ही महिने सारखे, पण अंगाला? ऑगस्टमध्ये वारं आणि ओल असल्यामुळे 21 अंशांतसुद्धा कुडकुडायला होतं, आणि जानेवारीच्या दुपारी तुम्ही स्वेटर काढून कमरेला बांधलेला असतो.

आंबोलीत महिना ठरवायचा तो पाण्यावरून, म्हणजे पाऊस किती, ढग किती खाली, खोलीत ओल किती. तुमच्याकडे दम्याचं माणूस आहे तर अजूनच. हे एकदा डोक्यात बसलं की चारही सुट्ट्यांचा हिशोब आपोआप लागतो, म्हणून आधी पाण्याचंच सांगतो.

आंबोली आहे साधारण 690 मीटरवर. महाबळेश्वरच्या (1350 च्या आसपास) निम्मी उंची. म्हणजे थंडीच्या बाबतीत फार मोठी अपेक्षा ठेवूच नका. पण जागा बघा, बरोबर घाटमाथ्याच्या काठावर. समुद्रावरून येणारं दमट वारं कोकणपट्टी ओलांडून पहिल्यांदा अडतं ते याच कड्याला, वर चढतं, थंड होतं आणि तिथंच सगळं रिकामं करतं. पणजीला वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस, आपल्या वाळपईला 4000 च्या पुढे, आणि आंबोलीला 7000 च्या घरात. सात मीटर पाणी झालं हो ते, दोन मजली घर बुडेल एवढं! आणि तिथून पुढे बेळगावला गेलात की जेमतेम 1300. एवढं कमी अंतर, दीड-दोन तासांचा रस्ता, आणि पाऊस पाचवा हिस्सा. म्हणून ट्रिपच्या आधी बेळगावच्या पाहुण्याला फोन करून "तिकडे पाऊस आहे काय" असं विचारणारे लोक असतात ना, त्याचा काडीचाही उपयोग नाही.

अजून एक गंमत म्हणजे बेळगाव आंबोलीपेक्षा उंच आहे, 750 मीटर. तरी एप्रिलमध्ये बेळगाव 35-36 ला तापतं आणि आंबोली त्यामानाने बरी असते. कारण तेच, काठावर असल्यामुळे दुपारनंतर समुद्राकडचं वारं तिथं पोचतं. उंचीचा जो नियम सांगतात, हजार मीटरला साधारण साडेसहा अंश कमी, त्याने आंबोली किनाऱ्यापेक्षा चार-साडेचार अंशांनी गार यायला हवी आणि ढोबळमानाने येतेही, पण हवा कोरडी असली की हा फरक वाढतो, ढगात असली की कमी होतो, आणि निरभ्र रात्री तर नियमच मोडतो कारण गार हवा उतरून खोलगट भागात साचते. एकाच रात्री वरच्या अंगाच्या हॉटेलात आणि खालच्या ओढ्याकाठच्या होमस्टेत दोन-तीन अंशांचा फरक सहज लागतो.

आता तुमच्या सुट्ट्या.

15 ऑगस्ट. यावर जरा जास्त लिहितो कारण गोव्यातले बहुतेक लोक तेव्हाच जातात आणि परत येऊन शिव्या घालतात. पाऊस जुलैइतका नसतो, श्रावणातलं ऊन-पाऊस खाली आपल्याकडे चालू असतं, त्यामुळे वाटतं वरही तसंच असेल. तसं नसतं. पावसाळ्यात समुद्राकडून येणारी हवा इतकी दमट असते की दोन-तीनशे मीटर वर चढली की लगेच ढग धरतो. आंबोली 690 वर, म्हणजे तुम्ही ढगाखाली नाही, ढगाच्या पोटात राहता. दाणोली सोडून घाटाची वळणं सुरू झाली की थोड्याच वेळात हेडलाईट लावावे लागतात, आणि तिथून जे पांढरं सुरू होतं ते कधी दोन दिवस हलत नाही. लोक त्याला धुकं म्हणतात, म्हणोत बापडे, पण धुकं ऊन आलं की जातं, हे जात नाही, मागून नवीन येत राहतं. कावळेसाद पॉईंटला दरीच्या कठड्याशी उभं राहून तास तास पांढरा पडदा बघणारी माणसं मी बघितलीत, मग एकदम वारं सुटतं, दोन मिनिटं दरी उघडते, सगळे मोबाईल वर काढेपर्यंत बंद. आणि तिथं पाणी उलटं उडतं ते मात्र खरं. कड्यावर आपटलेलं वारं सरळ वर येतं आणि खाली पडणारा छोटा धबधबा उचलून परत तुमच्याच तोंडावर मारतं, टोपी दरीत टाकली तर मागं येऊन पडते. मुलाला हे प्रचंड आवडेल यात शंका नाही.

पण सासूबाईंचं काय? बाहेर त्या गाडीत बसतील, प्रश्न खोलीचा आहे. ऑगस्टमध्ये आंबोलीतली खोली म्हणजे जूनपासून ऊन न बघितलेली खोली. भिंतीच्या कोपऱ्यात, कपाटाच्या मागं काळे-हिरवे ठिपके, पांघरूण हातात घेतलं की गार आणि जड लागतं, उशीला कुबट वास, मिठाच्या बाटलीत पाणी सुटलेलं, आगपेटी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली नाही तर काडीचं गूल नुसतं घासून निघतं. अंघोळीचा टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलाच. हॉटेलवाल्यांचा यात दोष नाही, एवढ्या ओलीत कोणीही हरेल. पण दमेकऱ्याला पावसात भिजण्यापेक्षा ही बुरशी जास्त त्रास देते, आणि रात्री दोन वाजता धाप लागली तर बाहेर ढग, घाट, आणि मोठं हॉस्पिटल खाली सावंतवाडीला, तीसेक किलोमीटर. मी डॉक्टर नव्हे, त्यांच्या डॉक्टरांना विचाराच, पण दम्याचं माणूस बरोबर असलं तर जून ते सप्टेंबर मुक्कामाचं बुकिंग मी स्वतः घेत नाही. दिवसा जाऊन दिवसा परत, ते चालतं.

त्यात 15 ऑगस्टला लागून शनिवार-रविवार आला तर मुख्य धबधब्याजवळ गाड्यांची रांग, पोलीस गाडी थांबवू देत नाहीत, आणि चालत जायचं अंतर वाढतं. धबधबा बघायचाच असेल तर मधला वार पकडा आणि सकाळी नऊच्या आत पोचा, बाकी उपाय नाही.

असं असूनही मला स्वतःला विचाराल तर आंबोली बघावी ती पावसातच. पहिले दोन-चार जोरदार पाऊस झाले की सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, साचलेल्या पाण्यात आंबोली टोड नावाचे बेडूक बाहेर पडतात. जगात मोजक्याच ठिकाणी सापडणारा हा प्राणी, आकाराला अंगठ्याएवढा. पाण्यावर वाकलेल्या फांद्यांना उडत्या बेडकांची फेसाची घरटी लटकतात, रात्री बॅटरी बंद केली की कुजक्या काटक्यांवरची बुरशी हिरवट चमकते. पण हे रात्री गमबूट घालून, पायाला जळवा लागलेल्या काढत बघायचं काम आहे. मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की पाठवा माझ्याकडे.

तुमची दुसरी सुट्टी दिवाळी, आणि माझं मत तिलाच. फक्त यात एक मेख आहे जी लोक लक्षात घेत नाहीत. दिवाळी कधी ऑक्टोबरच्या मध्यानंतर येते तर कधी नोव्हेंबर निम्मा होईपर्यंत लांबते, आणि आंबोलीत नेमके हेच तीन-चार आठवडे हवा बदलण्याचे असतात. मान्सून आपल्या भागातून ऑक्टोबरच्या मध्याला निघतो, पण जाता जाता दुपारचे गडगडाट करून जातो. सकाळी लख्ख ऊन, अकरापर्यंत उकडतं, दोन-तीनला पूर्वेकडून, म्हणजे बेळगावच्या बाजूने, काळं भरून येतं, विजा, तासभर मुसळधार, संध्याकाळी परत स्वच्छ. या विजा सड्यावर, मोकळ्या पॉईंटवर अतिशय वाईट, झाड नाही की आडोसा नाही. त्यामुळे ऑक्टोबरातली दिवाळी असेल तर सगळं फिरणं दुपारच्या जेवणाआधी उरकायचं. आणि एखाद्या वर्षी अरबी समुद्रात वादळ झालं तर सगळाच बेत बोंबलतो. 2019 ची दिवाळी आठवा, 27 ऑक्टोबरला होती आणि क्यार वादळामुळे आधीचे दोन-तीन दिवस गोवा-सिंधुदुर्ग नुसता झोडपला होता.

2025 ला दिवाळी 20-21 ऑक्टोबरला आली. 2026 ला अधिक महिन्यामुळे ती 8 नोव्हेंबरला आहे, आणि हा फरक आंबोलीसाठी सोन्यासारखा. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात गडगडाट बहुतेक संपलेले असतात, खोल्यांनी महिनाभर ऊन खाल्लेलं असतं, गाद्या वाळलेल्या, आणि डोंगरातून पाझर अजून चालू असल्यामुळे धबधब्यांना पाणी असतं. पावसातला रौद्र अवतार नाही, पण मुलाला काठावर उभं करून शांतपणे बघता येईल असं. नांगरतास धबधब्याची अरुंद घळ तर पाणी जरा कमी झाल्यावरच नीट दिसते, ऑगस्टमध्ये नुसते तुषार. हिरण्यकेशीच्या देवळात जायची वाटही तेव्हा निसरडी नसते, सासूबाईंना हात धरून नेता येईल. पहाटे 16-17 अंश, दुपारी 28 च्या आसपास, वारं मंद. नरकासुर जाळून झाला, सकाळचे फोव (पोहे) खाऊन झाले, पाहुणे आटोपले की भाऊबीजेनंतर निघा, गर्दीही ओसरलेली असते.

नाताळ. हवा सगळ्यात स्वच्छ, आकाशही. पहाटे महादेवगड पॉईंटला गेलात तर खाली सावंतवाडीच्या बाजूची दरी कापसाने भरल्यासारखी दिसते, हे मात्र खरं धुकं. निरभ्र रात्री जमीन गार होते, गार जड हवा खोऱ्यात उतरून बसते आणि तिथली वाफ गोठल्यासारखी दिसते. म्हणजे ऑगस्टच्या बरोबर उलट, तेव्हा तुम्ही आत असता, आता तुम्ही वर. आठ-साडेआठला ऊन चढलं की फाटायला लागतं, त्यामुळे मिस्टर उशिरा उठणारे असतील तर हे विसरा. धबधबे मात्र तोवर बारीक धार झालेले, काही तर फक्त ओले दगड. रात्री 12-14, एखादी लाट आली तर अजून खाली. गोव्यातल्या माणसाला हे थंड आहे, आपल्याकडे पणजीला 20 झालं तरी मफलर निघतात. आंबोलीच्या हॉटेलांत हीटर-बिटर काही नसतं, जास्तीचं ब्लँकेट मागून घ्या. दम्याला कोरडी हवा ओलीपेक्षा बरी पण पहाटेचा एकदम गार वारा छातीला लागतो, म्हणून सासूबाईंना महादेवगडला नेऊ नका, त्यांना नऊ वाजता उन्हात चहा द्या. आणि 24 डिसेंबर ते 1 जानेवारी रेट दुप्पट, ते वेगळंच.

मे. खरं सांगू? मेच्या पहिल्या आठवड्यात जा किंवा जाऊच नका. फेब्रुवारीपासून हिरवं वाळत जातं, मार्च-एप्रिलमध्ये हवेत धुरकट असतं, दरी दिसते पण पुसट. दुपारी तिशीपार जातं, फक्त रात्र गोव्यापेक्षा सुखाची, पंख्याशिवाय झोप लागते, आपल्याकडच्या मे महिन्यात हे काही कमी नाही. मग वळवाचे पाऊस सुरू होतात. आणि मे अखेर हल्ली धरता येत नाही. 2025 ला मान्सून 25 मेलाच गोव्यात आला, नेहमी येतो जूनच्या पहिल्या आठवड्यात. 2021 ला मेच्या मध्याला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा झाडं पडून रस्ते बंद होते. म्हणून 20 मेनंतरचं बुकिंग करायचं तर कॅन्सल केल्यावर पैसे परत मिळतात काय ते आधी विचारा.

तर तुमच्यासाठी क्रम असा लावतो: नोव्हेंबरातली दिवाळी पहिली, नाताळ दुसरा, मेचा पहिला आठवडा तिसरा, आणि ऑगस्ट फक्त सकाळी जाऊन संध्याकाळी परत. सासूबाई येणार नसतील तर हाच क्रम उलटा करून ऑगस्ट वर आणला तरी माझी हरकत नाही. मुलाला पाण्यात खेळायचंय की तुम्हाला दरी बघायचीय, यावरही बदलतं, घरात एकदा ठरवून घ्या.

आता कधीही गेलात तरी उपयोगी पडेल असं थोडंसं. हवामान खात्याचा अंदाज बघताना उत्तर गोव्याचा बघू नका, आंबोली सिंधुदुर्ग जिल्ह्यात येते, तिकडचा बघा, आणि त्यात घाटमाथ्याचा वेगळा उल्लेख आहे का ते वाचा. ऑरेंज अ‍ॅलर्टमागे साधारण 24 तासांत 115 मिलिमीटरच्या वरचा पाऊस असतो, रेड म्हणजे 204 च्या वर. पण आंबोलीला जुलैत शंभर मिलिमीटरचा दिवस कोणाच्या खिजगणतीतही नसतो, तिथली गटारं, मोऱ्या, माणसं सगळी त्याला सरावलेली, त्यामुळे त्याखालच्या यलो अ‍ॅलर्टला घाबरून ट्रिप रद्द करू नका. रेड आला तर मात्र घाटात जायचंच नाही. आणि पाऊस थांबल्यावर लगेच मोकळं झालं असंही समजू नका, दरडी कधी कधी दुसऱ्या दिवशीच्या उन्हात सुटतात कारण माती आतून भरलेली असते. कडेच्या भिंतीतून नेहमी स्वच्छ पाणी पाझरतं ते तांबडं गढूळ यायला लागलं तर तिथं फोटोला थांबू नका, गाडी पुढे काढा.

खोली घेताना फोनवर तीन गोष्टी विचारा: वरचा मजला आहे काय, पूर्वेला खिडकी आहे काय, आणि लाईट गेल्यावर इन्व्हर्टर आहे काय. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, कारण नेब्युलायझर (दम्याचं औषध वाफेसारखं देणारं यंत्र) लाईटवर चालतो आणि वर लाईट जाणं काही नवीन नाही. इनहेलर एक जास्तीचा घ्या, तो गाडीत तापणाऱ्या डॅशबोर्डवर नको, पर्समध्ये. उशीचे अभ्रे आणि एक चादर घरची न्या, हसतील हसू देत. थोडी रोख ठेवा, रेंज गेली की जीपे गेलं. पेट्रोल गोव्यातच भरून घ्या, स्वस्त पडतं. आणि मिस्टरांना सांगा गाडीत दारूची बाटली ठेवू नका, बांदा-इन्सुलीला तपासणी होते आणि तिथं तासभर गेला तर तुमचा सकाळचा सगळा हिशोब चुकतो.

फोंड्याहून डिचोली-दोडामार्ग-बांदा-दाणोली असे आलात तर चहापाणी धरून अडीच-तीन तास. सहाला निघालात तर नऊपर्यंत वर. मुलाला गाडी लागत असेल तर नाश्ता दाणोलीच्या आधी देऊ नका, वर पोचूनच द्या. सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवा आणि घाटात एसी बंद करून काच दोन बोटं खाली ठेवा. डॉक्टर काय म्हणाले आणि कुठली सुट्टी नक्की झाली ते इथंच कळवा, त्या आठवड्याचा अंदाज बघून कुठल्या दिवशी कुठला पॉईंट ते सांगतो.